नाझरेथला वीस मिनिटे

१९८३ साली अमेरिकेतील सहाशेंहून अधिक ख्रिस्ती भाविकांचा एक जथा पवित्र भूमीच्या यात्रेस निघाला. यात्रेचे आयोजन जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाच्या वतीने झाले होते. दूरचित्रवाणीवरील प्रवचनांमुळे फॉलवेल यांचे नाव त्या काळी अमेरिकेत घरोघरी पोचले होते, आणि १९७९ मध्ये त्यांनी स्थापन केलेली ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना रोनाल्ड रेगन यांच्या पाठीशी उभी राहिली होती. या जथ्यात ग्रेस हॅलसेल नावाच्या एक लेखिकाही होत्या. टेक्सासमधील कर्मठ प्रॉटेस्टंट घरात त्या वाढल्या होत्या, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कार्यालयात त्यांनी लेखनाचे काम केले होते, आणि पुढे औषधोपचाराने कातडी काळी करून घेऊन कृष्णवर्णीय स्त्री म्हणून त्या हार्लेम व मिसिसिपीत राहिल्या होत्या. अन्याय ज्याच्यावर होतो त्याच्या जागी उभे राहून पाहण्याची त्यांना सवय होती. म्हणूनच इतरांना जे खटकले नाही ते त्यांना खटकले.

त्यांची बस नाझरेथजवळ आली तेव्हा मार्गदर्शकाने सांगितले की, येथे थांबण्यास वेळ नाही. काही मिनिटांनी त्याने विचार बदलला. बस नाझरेथला वीस मिनिटे थांबेल. यात्रेकरूंनी प्रसाधनगृहाची सोय उरकून घ्यावी. ज्या गावात येशूचे बालपण गेले, जेथे त्याने सुताराच्या घरात हातोडा धरला, त्या गावाशी येशूच्या या भक्तांचा संबंध एवढाच आला.

ही वीस मिनिटे म्हणजे एका मार्गदर्शकाच्या घाईचा प्रकार नव्हता. नाझरेथ हे इस्रायलमधील सर्वांत मोठे अरब शहर आहे आणि तेथे हजारो ख्रिस्ती राहतात. त्यांचे पूर्वज शतकानुशतके अरबी भाषेतून येशूची प्रार्थना करीत आले. या माणसांना भेटावे, त्यांच्या प्रार्थनेत सामील व्हावे, त्यांचे काय चालले आहे ते विचारावे, असा एकही प्रसंग त्या यात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. हॅलसेल यांनी १९८५ मध्ये फॉलवेल यांच्याच दुसऱ्या यात्रेत पुन्हा भाग घेतला आणि १९८६ मध्ये दोन्ही अनुभवांवर पुस्तक लिहिले. त्यानंतर चार दशके लोटली. आयोजक बदलले, बसेस वातानुकूलित झाल्या, आणि कोरोनापूर्वीच्या २०१९ या वर्षी इस्रायलमध्ये सुमारे ४५ लाख पर्यटक येऊन गेले; त्यांतले निम्म्याहून अधिक ख्रिस्ती होते. त्या सर्वांची यात्रा फॉलवेल यांच्या यात्रेसारखी नव्हती, हे उघड आहे. परंतु ‘बायबलचा इतिहास आणि बायबलचे भविष्य’ दाखविण्याचे आश्वासन देऊन जे जथे नेले जातात, त्यांच्या नकाशावर तेथली जिवंत माणसे आजही नाहीत. ती का नाहीत, याचा विचार केला पाहिजे.

भविष्याचे वेळापत्रक

पवित्र भूमीची सामुदायिक सहल ही अलीकडची गोष्ट नव्हे. १८६७ मध्ये ‘क्वेकर सिटी’ या आगबोटीतून अमेरिकन प्रवाशांचा एक जथा तिकडे गेला होता; मार्क ट्वेन त्यांच्यात होता आणि त्याने सहप्रवाशांच्या भाविकपणाची यथेच्छ थट्टा केली. १८६९ मध्ये थॉमस कुकने आपली पहिली सहल तिकडे नेली. त्या प्रवाशांना येशू जेथे चालला ती माती पाहायची होती. या इच्छेत वावगे काहीच नाही. आयुष्यभर पै पै साठवून गालील समुद्राच्या काठी क्षणभर डोळे मिटून बसणाऱ्या म्हातारीची चेष्टा करणे हे कोणत्याही पुरोगामी माणसाला शोभणारे नाही.

मात्र त्याच शतकात या साध्या भक्तीशेजारी दुसरेच एक शास्त्र रचले जात होते. जॉन नेल्सन डार्बी या अँग्लो-आयरिश धर्मोपदेशकाने दानीएल, यहेज्केल, जखऱ्या व प्रकटीकरण या ग्रंथांतील वचने एकत्र जुळवून जगाच्या अंताचे एक वेळापत्रकच तयार केले. त्याचा सारांश असा : यहुदी लोक पॅलेस्टाईनमध्ये परततील व तेथे त्यांचे राज्य स्थापन होईल, खरे श्रद्धावंत ख्रिस्ती मेघांमध्ये वर उचलले जातील, पृथ्वीवर सात वर्षे महासंकट कोसळेल, हर्मगिदोन येथे राष्ट्रांचे सैन्य जमेल, आणि मग येशू परत येऊन हजार वर्षे राज्य करील. सायरस स्कोफील्ड याने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सटीप बायबलात ही सारी मांडणी पानाच्या तळटीपांत घातली. मूळ वचन आणि त्याखालची टीप यांतला भेद सामान्य वाचकाच्या मनात पुसट झाला आणि माणसाने केलेला अर्थ देवाच्या शब्दाइतकाच पवित्र होऊन बसला. पोथीपेक्षा पोथीवरची टीका प्रमाण मानण्याचा हा प्रकार भारतीय वाचकाला नवखा वाटू नये.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि १९६७ च्या युद्धात पूर्व जेरुसलेम, पश्चिम किनारा, गाझा व गोलान त्याच्या ताब्यात आले, तेव्हा या वेळापत्रकावर विश्वास ठेवणाऱ्यांना ते खरे ठरल्याचा साक्षात्कार झाला. १९७० मध्ये हॅल लिंडसे याने हे सारे चटपटीत भाषेत मांडले व ते पुस्तक अमेरिकेत प्रचंड खपले. पुढे १९९५ पासून निघालेल्या ‘लेफ्ट बिहाइंड’ या कादंबरीमालेनेही तीच पेरणी केली. भक्तीची यात्रा होती तिथे भविष्याची यात्रा सुरू झाली. पहिलीत यात्रेकरू भूतकाळापुढे नतमस्तक होत असे. दुसरीत तो एखाद्या नाटकाची रंगभूमी प्रयोगाआधी पाहून येतो. नाटकातल्या संहारात आपली भूमिका नाही, आपण त्या वेळी वर सुरक्षित असू, अशी त्याची खात्री असते. आणि नाटकाच्या संहितेत ज्यांना संवाद नाहीत, अशी माणसे त्याला रंगभूमीवर दिसतच नाहीत.

दोन टेकड्या

अशा प्रत्येक यात्रेत मगिद्दोची टेकडी असते. ‘हर्मगिदोन’ हे नाव याच टेकडीवरून आले. यात्रेकरूंना वर नेऊन खालचे विस्तीर्ण मैदान दाखविले जाते आणि येथेच अखेरचे युद्ध होणार, असे सांगितले जाते. मैदान सुपीक आहे, हिरवेगार आहे. त्यावर रक्ताचे पाट वाहताना कल्पून धन्यता मानणारी भक्ती ही काय चीज आहे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. त्या टेकडीवरून प्रत्यक्षात काय दिसते, तेवढेच पाहू.

टेकडीजवळ मगिद्दो हा किबुत्झ आहे. तो १९४९ मध्ये वसला, आणि वसविणारे लोक हिटलरच्या नरसंहारातून वाचलेले होते. तो ज्या जमिनीवर उभा आहे ती लज्जून या अरब गावाची. १९४८ मध्ये लज्जूनचे रहिवासी परागंदा झाले. युरोपने ज्यांना जाळले त्यांना आसरा मिळाला, परंतु तो देताना ज्यांचा या पापाशी काडीचा संबंध नव्हता त्यांचे छप्पर काढून घेतले गेले. विसाव्या शतकातली एक मोठी शोकांतिका त्या टेकडीच्या पायथ्याशी पडलेली आहे. पण वाटाड्याचा हात दूर क्षितिजाकडे, भविष्याकडे दाखवीत असतो.

त्याच परिसरात मगिद्दोचा तुरुंग आहे. तेथे पॅलेस्टिनी कैदी ठेवले जातात व त्यांतले काही आरोपपत्र किंवा खटला नसताना प्रशासकीय स्थानबद्धतेत असतात. ही तरतूद ब्रिटिश राजवटीच्या आणीबाणीच्या नियमांतून आलेली आहे. १९७५ मध्ये मिसाखाली तुरुंगात गेलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना त्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. २००५ मध्ये या तुरुंगाच्या विस्ताराचे काम चालू असताना उत्खनन झाले आणि कैद्यांच्या हातांना एक रंगीत दगडी नक्षीची जमीन लागली. ती तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती प्रार्थनास्थळाची, म्हणजे जगातील अतिप्राचीन प्रार्थनास्थळांपैकी एकाची, असल्याचे निष्पन्न झाले. तिच्यावर अकेप्तूस नावाच्या एका स्त्रीने येशूला मेज अर्पण केल्याची नोंद आहे. ही जमीन उचलून २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयात प्रदर्शनास नेण्यात आली. दगडांना एवढा मोठा प्रवास घडला. ते जेथून निघाले त्या भिंतींआड कोण आहे, हे विचारण्याची गरज मात्र संग्रहालयात जाणाऱ्या भाविकाला पडली नसावी. बंदिवानांना सोडविण्याची घोषणा ज्याने नाझरेथच्या सभास्थानात उभे राहून केली, त्याचेच हे अनुयायी.

दुसरी टेकडी उत्तर गालीलात आहे आणि ती कोणाच्याही कार्यक्रमपत्रिकेत नाही. तेथे बिरिम आणि इक्रित ही दोन ख्रिस्ती गावे होती. बिरिम मॅरोनाइट पंथाचे आणि इक्रित ग्रीक कॅथलिक. नोव्हेंबर १९४८ मध्ये सैन्याने गावकऱ्यांना सांगितले की, सरहद्दीवरची परिस्थिती निवळेपर्यंत थोड्या दिवसांसाठी घरे सोडा. त्यांनी विश्वास ठेवला. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. इक्रितचे लोक न्यायालयात गेले आणि जुलै १९५१ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या परतण्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नाताळच्या सुमुहूर्तावर सैन्याने इक्रितची घरे सुरुंगाने उडवून दिली; चर्च तेवढे राहिले. १६ सप्टेंबर १९५३ रोजी बिरिमवर विमानांतून बाँब टाकण्यात आले. गावकरी जवळच्या टेकडीवर उभे राहून स्वतःची घरे कोसळताना पाहत होते.

हे लोक ना मुसलमान होते, ना शस्त्रधारी. ते इस्रायलचे नागरिक होते आणि येशूचे उपासक होते. आज बिरिमच्या जागी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील प्राचीन यहुदी सभास्थान पाहण्यास पर्यटक येतात, प्रवेशशुल्क भरतात, छायाचित्रे घेतात आणि भोवतीच्या पडक्या भिंतीही पुराणकाळच्याच असाव्यात अशा समजुतीने परत जातात. मूळ गावकऱ्यांची नातवंडे सणावाराला येऊन त्या चर्चमध्ये प्रार्थना करतात, लग्ने लावतात, आणि मृतांना तेथेच पुरतात. मेल्यावर गावी येण्याची परवानगी आहे. जिवंतपणी नाही.

बायबलचा सातबारा

एखाद्याला वाटेल की हा सारा इतिहास झाला. यात्रेकरू बिचारा काय करणार? परंतु या यात्रांचा संबंध नुसत्या इतिहासाशी नाही, चालू व्यवहाराशी आहे. जमिनीच्या मालकीचा प्रश्न उभा राहिला की महाराष्ट्रातला शेतकरी तलाठ्याकडे जाऊन सातबाराचा उतारा मागतो. पॅलेस्टाईनमध्ये बायबलचाच सातबारा करण्यात आला आहे आणि भविष्ययात्रांतून आलेले लाखो लोक त्यावर साक्षीदार म्हणून सही करून जातात.

जेरुसलेमच्या जुन्या शहरात पश्चिम भिंतीपुढे आज मोठे पटांगण आहे. जून १९६७ पर्यंत तेथे मोरोक्कन मोहल्ला होता. सलाहुद्दीनच्या मुलाने बाराव्या शतकाच्या अखेरीस वसविलेल्या या मोहल्ल्यात शेकडो माणसे राहत होती. युद्ध संपताच १० जूनच्या रात्री रहिवाशांना थोड्या अवधीत बाहेर काढून तो जमीनदोस्त करण्यात आला. यहुद्यांना आपल्या पवित्र भिंतीपाशी प्रार्थना करण्याचा हक्क आहे आणि जॉर्डनच्या ताब्यात असताना त्यांना तो नाकारण्यात आला होता, हा अन्यायच होता. परंतु एक अन्याय दूर करताना आठशे वर्षांची वस्ती एका रात्रीत पुसून टाकली गेली, ही गोष्ट त्या पटांगणात उभे राहणाऱ्यास सांगितली जात नाही.

तेथून थोड्याच अंतरावर सिल्वान ही पॅलेस्टिनी वस्ती आहे. ‘दाविदाचे नगर’ या नावाने तेथे जे उत्खनन व पर्यटन चालते त्याची व्यवस्था एलाद या संस्थेकडे आहे, आणि हीच संस्था त्या वस्तीत यहुदी कुटुंबे वसविण्याचे काम करते. घरांच्या खालून प्राचीन ‘यात्रामार्गा’चा बोगदा खोदण्यात आला. २०१९ मध्ये त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे राजदूत स्वतः हातोडा घेऊन उभे राहिले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री तेथे हजर झाले. वर राहणाऱ्या माणसांच्या भिंतींना तडे जात असल्याच्या तक्रारी आहेत. बोगद्यातून चालणाऱ्या यात्रेकरूला आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या मार्गावर आहोत असे वाटते. डोक्यावर कोणाचे स्वयंपाकघर आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

यार्देन नदीचीही हीच कथा. गालील समुद्रातून ती बाहेर पडते तेथे यार्देनित येथे पांढरे झगे घालून बाप्तिस्म्याचा सोहळा होतो, लहान बाटल्यांतून पवित्र पाणी विकले जाते. तेथून थोडेच खाली धरण आहे. इस्रायल, जॉर्डन व सीरिया यांनी मिळून या नदीचे पाणी इतके उपसले आहे की, खालच्या यार्देनचा प्रवाह पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी राहिला आहे. खोऱ्यातील पॅलेस्टिनी शेतकऱ्याला तर १९६७ नंतर नदीच्या काठी जाणेही मुश्किल झाले. नदीत बुडी मारून नवा जन्म घेणाऱ्यांनी नदी कोण प्याले, हे विचारावयास नको काय?

भविष्याचा नाद साक्षीवरच थांबतो असेही नाही. २१ ऑगस्ट १९६९ रोजी मायकेल रोहन या ऑस्ट्रेलियन तरुणाने अल-अक्सा मशिदीला आग लावली आणि सलाहुद्दीनच्या काळातील लाकडी व्यासपीठ भस्मसात झाले. तो यहुदी नव्हता, ख्रिस्ती होता. मशीद नाहीशी झाल्याखेरीज मंदिर उभे राहणार नाही व मंदिर उभे राहिल्याखेरीज येशू येणार नाही, अशी त्याची धारणा झाली होती. न्यायालयाने त्याला मनोरुग्ण ठरविले. ठीक आहे, तो वेडा होता. पण सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच मंदिराच्या शुद्धीकरणविधीसाठी टेक्सासहून पाच तांबड्या कालवडी विमानाने आणल्या गेल्या, त्यामागची माणसे व त्यांना पैसा पुरविणारे लोक वेडे नव्हते. ६ डिसेंबर १९९२ पाहिलेल्या देशात पुराणकथा, पुरातत्त्व आणि जमाव एकत्र आले म्हणजे काय होते, याचे स्पष्टीकरण द्यावे लागू नये.

हे कसले प्रेम?

यावर एक उत्तर नेहमी तयार असते. हे यात्रेकरू यहुद्यांचे मित्र आहेत, आणि त्यांच्यावर टीका करणारे यहुदीद्वेष्टे आहेत. हा आक्षेप गंभीर आहे, कारण यहुदीद्वेष ही खरी व भयानक गोष्ट आहे. तिने युरोपात साठ लाखांचा बळी घेतला. म्हणूनच हे प्रेम तपासून पाहिले पाहिजे.

भविष्याच्या या वेळापत्रकात यहुद्यांचे शेवटी काय होते? जखऱ्याच्या ग्रंथातील वचनाचा आधार घेऊन या पंथाचे अनेक उपदेशक सांगतात की, महासंकटात त्यांतले दोन तृतीयांश मारले जातील आणि उरलेले येशूला शरण जातील. म्हणजे यहुदी म्हणून कोणीच शिल्लक राहणार नाही. ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याचा अंत कधी होतो याची घड्याळ लावून वाट पाहायची, याला प्रेम म्हणत नाहीत. खाटीक बकऱ्यालाही चांगले चारतो. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेची वकिलात जेरुसलेममध्ये हलविण्यात आली, तेव्हा आशीर्वचन देण्यास जॉन हेगी यांना बोलावले होते. हिटलर हा यहुद्यांना पॅलेस्टाईनकडे हाकण्यासाठी देवाने पाठविलेला शिकारी होता, अशा आशयाचे त्यांचे प्रवचन उजेडात आल्यामुळे २००८ मध्ये मॅक्केन यांना त्यांचा पाठिंबा झिडकारावा लागला होता. तरीही त्यांना मानाचे पान देण्यात आले. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणापाशी सुमारे साठ पॅलेस्टिनी गोळीबारात ठार झाले. जेरुसलेममधील प्रार्थनेत त्यांच्यासाठी शब्द नव्हता.

‘जगाच्या चार कोपऱ्यांतून यहुदी परत आले’ हे भविष्यवाद्यांचे आवडते प्रमाण. त्या चार कोपऱ्यांत कोकणही येते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या पूर्वजांची कथा सांगणारे, तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल येथे शतकानुशतके कोणाच्याही छळाविना राहिले. १९४८ नंतर त्यांतले हजारो लोक इस्रायलला गेले. तेथे काय झाले? पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीच वर्णभेदाची वागणूक मिळते म्हणून काही कुटुंबांनी धरणे धरून परत भारतात पाठविण्याची मागणी केली. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे सांगणाऱ्या माणसांना आपले यहुदीपण सिद्ध करावे लागले. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये त्यांनी सत्याग्रह मांडला, तेव्हा कोठे इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे मान्य केले. भविष्यवाद्यांच्या हिशेबात ते एक पूर्ण झालेले वचन होते. त्यांच्या लढ्याशी या मित्रांना कर्तव्य नव्हते. घरी मराठी बोलणाऱ्या त्या माणसांना वचन व्हावयाचे नव्हते, शेजाऱ्यासारखे जगावयाचे होते. पॅलेस्टिनी माणसाची मागणीही याहून वेगळी नाही.

दुसरा आक्षेप ७ ऑक्टोबर २०२३ चा. हमासने त्या दिवशी सुमारे बाराशे माणसे मारली व अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. हे क्रौर्य होते. कोणत्याही मुक्तिलढ्याच्या नावाने त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु त्यानंतर गाझात साठ हजारांहून अधिक माणसे मारली गेली, तेही कोणत्याच न्यायात बसत नाही. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातील संत पॉर्फिरियसच्या प्राचीन चर्चच्या आवारात आश्रय घेतलेले ख्रिस्ती स्त्री-पुरुष व मुले बाँबखाली गेली. भविष्याच्या पंडितांपैकी अनेकांनी या युद्धातही शुभचिन्हेच शोधली.

अंगणातील आरसा

येथे समाजवाद्यांनीही आरशात पाहिले पाहिजे. पन्नास-साठच्या दशकांत भारतातील समाजवादी इस्रायलला गेले, किबुत्झमधील सामुदायिक शेती व श्रमप्रतिष्ठा पाहून भारावले आणि परत येऊन त्यांनी त्याची वर्णने केली. तो प्रयोग खरोखरच लक्षणीय होता. पण किबुत्झच्या गोठ्यात व भोजनगृहात हिंडताना, या शेताचा पूर्वीचा कुळवाडी कोण होता, हे किती जणांनी विचारले? मगिद्दोचा किबुत्झ वसविणारी चळवळ डावीच होती. आपल्या स्वप्नातले गाव दुसऱ्याच्या उद्ध्वस्त गावावर उभे आहे, हे न पाहण्याचे कसब केवळ धर्मवेड्यांकडे असते असे नाही. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणाऱ्यांच्या हातून ही चूक व्हावयास नको होती.

आणि आज वसई, मुंबई, गोवा येथूनही पवित्र भूमीच्या सहली निघतात. या भाविकांच्या मनात हर्मगिदोनचे गणित नसते; त्यांची भक्ती निर्मळ असते. तथापि बस त्याच रस्त्याने जाते. बेथलेहेमच्या वाट्याला बहुधा काही तास येतात : ख्रिस्तजन्माचे मंदिर, जैतुनी लाकडाच्या मूर्तींचे दुकान, आणि परत. मुक्काम, जेवण व पैसा प्रायः भिंतीच्या अलीकडे. ही भिंत २००२ पासून बांधली जात आहे. ९ जुलै २००४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध असल्याचे मत दिले, आणि १९ जुलै २०२४ रोजी व्याप्त प्रदेशावरील इस्रायलचा ताबाच बेकायदेशीर ठरविला. परदेशी यात्रेकरूची बस तपासणीनाक्यातून सहज पार होते. बेथलेहेमच्या ख्रिस्ती माणसाला दहा किलोमीटरवरच्या जेरुसलेममध्ये ईस्टरच्या प्रार्थनेस जावयाचे तर परवाना लागतो. तो मिळेल किंवा मिळणार नाही. नवऱ्याला मिळेल आणि बायकोला मिळणार नाही.

या माणसांनी मौन पाळलेले नाही. ऑगस्ट २००६ मध्ये जेरुसलेममधील चार चर्चप्रमुखांनी, ज्यांत कॅथलिक कुलपती मिशेल सब्बाह व लुथरन बिशप मुनीब युनान होते, ख्रिस्ती झायोनवाद ही खोटी शिकवण असल्याचे जाहीर निवेदन केले. डिसेंबर २००९ मध्ये बेथलेहेम येथून ‘कैरोस पॅलेस्टाईन’ हा दस्तऐवज निघाला आणि जगातल्या ख्रिस्ती बांधवांना त्यांनी बोलावले : या, आणि आमची स्थिती पाहा. २०२३ च्या नाताळात बेथलेहेमने सार्वजनिक उत्सव रद्द केला. तेथील लुथरन चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत न ठेवता विटा-मातीच्या ढिगाऱ्यात ठेवण्यात आली. जगभर ते चित्र गेले. भविष्याची पाने उलटणाऱ्यांना त्यात वर्तमान दिसले की नाही, हे त्यांचे त्यांना ठाऊक.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. विठ्ठलाचे दार हरिजनांना बंद असेल तर त्या दारात जाणाऱ्या इतरांची वारी पुरी होत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यांनी देवाविरुद्ध ब्र काढला नाही. देवाच्या दारात कोणाला अडविले आहे ते पाहा, असे भक्तांना सांगितले. पवित्र भूमीच्या यात्रेकरूंकडून याहून अधिक काही मागण्याची आवश्यकता नाही. त्यांनी जावे, गालीलच्या काठी बसावे, बेथलेहेमला गुडघे टेकावेत. पण बेथलेहेमला एक रात्र राहावे, तेथल्या घरात जेवावे, बिरिमच्या पडक्या चर्चमध्ये आलेल्या म्हाताऱ्याला त्याचे घर कोणते होते ते विचारावे, आणि आपल्या नावाने आपले सरकार तेथे काय करते याचा जाब परतल्यावर सरकारला विचारावा. जो वाटाडा या भेटींसाठी वेळ नाही असे सांगेल, त्याला बस थांबवावयास लावावी. आणि या वेळी वीस मिनिटांसाठी नव्हे.